गाडी वळताना ‘टक’ वाजते?

भिवंडी तालुक्यातला भाजीपाला पिकअपमधून कल्याणच्या बाजार समितीत जातो. वाडा रस्त्यावर पावसाळाभर धक्के खाल्लेली गाडी मग वळताना पुढून ‘टक-टक’ वाजू लागते. चालते आहे तोवर चालू दे, असे म्हणू नका. बैल लंगडला की आपण आधी खूर उचलून पाहतो. इथेही तसेच करावे.

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. घरातल्या एकाने स्टीअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने पुढच्या चाकापाशी बसून एकेका सांध्यावर हात ठेवावा. आवाज लोखंडातून फिरतो, म्हणून कान फसतो. ठोका मात्र हाताला लागतो.

मग पुढचे चाक जॅकवर उचला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, भक्कम लाकडी ठोकळा द्या. चाक डावी-उजवीकडून धरून हलले, तर बहुधा टाय रॉडचा एंड झिजला. वर-खाली धरून हलले, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. चाक घट्ट असेल, तर स्टीअरिंगच्या दांड्याचा क्रॉस आणि बॉक्सचे बोल्ट पाहा.

बॉल जॉइंट निखळला तर चालत्या गाडीचे चाक आडवे पडते, आणि पुढे घरचीच माणसे बसलेली असतात. सैलपणा सापडला तर माल भरू नका, आधी मिस्त्री गाठा. टाय रॉडचा एंड बदलल्यावर अलाइनमेंटही करून घ्या. नाहीतर टायर एका कडेने झिजेल.