खरं लिहायची किंमत किती?

ॲडमिशनचा सीझन आला की आपली सगळ्यांची एकच धांदल असते. महाडीबीटीचं लॉगिन, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. त्यात 'धर्म' हा रकाना तुमच्यापैकी बहुतेकांसाठी दोन सेकंदांचं काम. पण दर रविवारी चर्चला जाणाऱ्या आणि दाखल्यावर 'हिंदू' अशी नोंद असलेल्या दलित घरातल्या मुलामुलींसाठी तो अख्ख्या फॉर्ममधला सगळ्यात अवघड प्रश्न असतो. खरं लिहावं, तर सवलत जाते. नाही लिहावं, तर जिथे गुडघे टेकतो तिथेच मन खातं.

हा पेच आला कुठून? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिश्चन आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. अनुसूचित जातीतून ख्रिश्चन झालेल्यांना महाराष्ट्रात ओबीसी प्रवर्ग मिळतो. पण अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण हातातून जातं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीतल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, आचरण ख्रिश्चन असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधान परिषदेत 'क्रिप्टो ख्रिश्चन' हा शब्द गाजला. हिंदू, शीख आणि बौद्ध सोडून इतर धर्मीयांनी मिळवलेले अनुसूचित जातीचे दाखले रद्द करू, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणाले. म्हणजे ओळख लपवणं हा आता फक्त मनाचा प्रश्न राहिलेला नाही.

'मग खरं सांगून टाकायचं की, त्यात काय एवढं?' असं तुम्ही म्हणाल. खरं सांगणं म्हणजे काय, हे बघायला लांब जायची गरज नाही. पुणे-दौंड लोकलने रोज ये-जा करत असाल, तर केडगाव स्टेशन तुमच्या पाठ असेल. शिरूरकरांना न्हावरामार्गे चौफुल्याला उतरलं की ते जवळच. तिथलं 'मुक्ती मिशन' पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी इथे आसरा दिला.

रमाबाई ब्राह्मण शास्त्र्याची मुलगी. कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तो लपवला नाही. १८८९ मध्ये परत येऊन त्यांनी विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. मुलींवर धर्म लादायचा नाही, असं ठरलं होतं. पण त्या स्वतः दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली येऊन बसायच्या. पुण्यात गदारोळ झाला. 'केसरी'ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि अनेक पालक मुलींना घरी घेऊन गेले. दार बंद केलं असतं, तर कदाचित एवढं झालं नसतं.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. रमाबाई चर्चशीही तेवढ्याच खऱ्या वागल्या. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे, तो कॉलेजच्या लायब्ररीत नक्की शोधा. ज्या सिस्टरकडून त्या धर्म शिकल्या, त्यांनाच त्या स्पष्ट कळवतात की तुमची प्रत्येक शिकवण मला पटलेली नाही. पुढे १९०७ मध्ये तर त्यांनी जाहीरपणे लिहिलं की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर भेटला. असं कबूल करायला धाडस लागतं.

पण म्हणून 'रमाबाईंसारखे व्हा' असा डोस कुणाला पाजायचा नाही. रमाबाईंकडे विद्या होती, नाव होतं, परदेशातून मदत होती. ज्याची फी शिष्यवृत्तीवर चालते, त्या एफवायच्या पोराकडे यातलं काय आहे? खरेपणा हा गुण खरा, पण त्याचं बिल प्रत्येकाला सारखं येत नाही. खोट्या दाखल्याचं समर्थन मी करणार नाही, कारण त्यात कुणाची तरी हक्काची जागा जाऊ शकते. पण धर्म बदलला की जात खरंच मागे राहते का, हेही विचारायला हवं. गावात आडनाव तेच, वस्ती तीच, आणि काही ठिकाणी तर चर्चमध्येही जात पाहूनच सोयरीक जुळते.

महाराष्ट्राने हा पेच आधी पाहिला आहे. १९५६ मध्ये बाबासाहेबांबरोबर लाखो लोक बौद्ध झाले, पण केंद्राच्या सवलतींसाठी त्यानंतर ३४ वर्षं कागदावर 'हिंदू' राहावं लागत होतं. १९९० मध्ये कायदा बदलला आणि 'बौद्ध' लिहिणं परवडू लागलं. त्या एका वर्षात माणसं अचानक प्रामाणिक झाली का? नाही. खरं बोलण्यावरचा दंड उठला. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये दलित ख्रिश्चन आणि मुस्लिमांसाठीही हीच शिफारस केली होती. या मुद्द्यावर मतभेद असू शकतात, पण चर्चा तरी उघडपणे होऊ द्या.

तोवर आपल्या हातात काय आहे? वर्गातला कुणी 'मी चर्चला जातो' म्हणाला, तर लगेच 'कितीला गेलास रे?' असं विचारू नका. त्याच्या दाखल्याची चौकशी ग्रुपवर करू नका. आणि तुम्ही स्वतः या पेचात असाल, तर गप्प कुढत बसू नका. ओबीसी प्रवर्गात तुम्हाला काय मिळतं, ते समाजकल्याण कार्यालयात किंवा एखाद्या चांगल्या वकिलाकडे नीट विचारा. घरच्यांशी बोला, पाळकांशी बोला. शंका असतील तर त्याही सांगा.

खरं बोल म्हणणं सोपं आहे. खरं बोलणारा आपल्याशेजारी बाकावर निर्धास्त बसू शकेल, एवढी तरी जबाबदारी आपली.