भरल्या घरांतील एकटें मूल

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगाव नांवाचें गांव आहे. समर्थांचें जन्मस्थान जांब तेथून जवळच असल्यामुळें आमच्या पुष्कळ वाचकांनीं तें जातां-येतां पाहिलें असेल. गांवाच्या नांवांतच कुंभार आहे, आणि कुंभाराकडून मडकें घेतांना आपल्या बायका काय करतात हें सांगावयास नको. टिचकी मारून, कान देऊन, त्याचा आवाज खणखणीत आहे असें पाहिल्याखेरीज पैसे द्यावयाचे नाहींत, हा शिरस्ता. एका उन्हाळ्यापुरत्या मडक्याची एवढी पारख करणारे आपण घरांत जन्मलेल्या लेंकरास ऐकूं येतें कीं नाहीं, हें मात्र तें दोन-अडीच वर्षांचें होईपर्यंत बहुधा पाहत नाहीं. या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात. कारण ज्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात त्यांच्या हातून ही हयगय होण्याचा संभव अधिक, आणि ती भरून काढण्याची शक्तिही त्यांच्याच ठायीं अधिक.

हयगय कशी होते तें पाहूं. कुंभार पिंपळगावांतील एखाद्या नांदत्या घरांत मूल जन्मास आलें आहे, अशी कल्पना करावी. घरांत माणसांचा राबता. मूल एकीच्या कडेवरून दुसरीच्या कडेवर जातें. दार आपटलें कीं जमिनीचा हादरा त्यास कळतो, कोणी मागून आलें कीं सांवली दिसते, आणि तें वळून पाहतें. आजी म्हणते, “ऐकतंय कीं सगळं!” बहिरें मूलही पहिल्या कांहीं महिन्यांत इतर मुलांसारखेंच हुंकार देतें, त्यामुळें संशयास जागा राहत नाहीं. पुढें वर्ष-दीड वर्ष झालें तरी शब्द फुटत नाहींत, तेव्हां “याचा बापही उशिराच बोलला,” “मुलगे जरा मागंच असतात,” अशा जुन्या आठवणी निघतात. आईच्या मनांत शंका पूर्वींच आलेली असते. पण चार वडीलधारीं माणसें धीर देत असतां नव्या सुनेनें “याला ऐकूं येत नाहीं,” असें म्हणावयाचें कसें? अशा रीतीनें सर्वांच्या प्रेमळ दिलाशांतच मुलाचा अमोल काल निघून जातो.

अमोल म्हणण्याचें कारण असें कीं, भाषा ग्रहण करण्याची मेंदूची शक्ति पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत ताजी असते. म्हणूनच जगभरचे श्रवणतज्ज्ञ एक साधा नियम सांगतात : पहिल्या महिन्याच्या आंत चांचणी, तिसऱ्या महिन्याच्या आंत निदान, आणि सहाव्या महिन्याच्या आंत उपाययोजना. चांचणी करणें अवघड नाहीं. मूल झोपलें असतां त्याच्या कानांत लहानशी नळी ठेवून कांहीं मिनिटांत ‘ओ. ए. ई.’ नांवाची परीक्षा होते. शंका उरल्यास ‘बेरा’ नांवाच्या दुसऱ्या परीक्षेनें कानापासून मेंदूपर्यंतचा मार्ग तपासतां येतो. घरीं थाळी वाजवून पाहणें ही मात्र चांचणी नव्हे. थाळी ऐकूं येणाऱ्या मुलास बोलणें ऐकूं येतेंच असें नाहीं. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आणि त्याचीं पथकें अंगणवाडींत व शाळेंत येतात. पथकाची वाट न पाहतां जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत गेलें तर अधिकच बरें. जाऊन येण्यांत एक दिवस मोडेल. न गेल्यास मुलाचीं वर्षें मोडतात.

निदान झालें म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो तो, “हें कोणाकडून आलें?” असा, आणि बोट वळतें तें आईकडे. ग्रहणांत काय केलें, डोहाळजेवणांत काय खाल्लें, माहेरीं कोण बहिरें होतें, याचा पंचनामा सुरू होतो. आम्हांस स्पष्ट सांगणें भाग आहे कीं, यांत ग्रहणाचा कांहीं संबंध नाहीं. बहिऱ्या मुलांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक मुलें ऐकूं येणाऱ्या आईबापांच्याच पोटीं जन्मतात. आनुवंशिक बहिरेपणाच्या बऱ्याचशा प्रकारांत दोष आई व बाप या दोघांकडूनही यावा लागतो, आणि दोघांसही तो आपल्यांत आहे याची वार्ता नसते. नात्यांतील विवाहांत हा योग अधिक जुळतो; आपल्या देशस्थ मंडळींत मामाची मुलगी करून घेण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती, हें ज्यांना आठवतें त्यांनीं तरी सुनेस दोष देण्यापूर्वीं थांबावें. गरोदरपणीं आईस झालेला रुबेलाचा ताप, अपुऱ्या दिवसांचा जन्म, तान्हेपणींची तीव्र कावीळ, मेंदूज्वर व कांहीं जालीम औषधें हींही कारणें आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें लहानपणच्या बहिरेपणापैकीं सुमारें ६० टक्के टाळतां येण्याजोगा असतो. गोंवर-रुबेलाची लस वेळेवर टोंचून घेणें हा त्यांतील सर्वांत सोपा उपाय. कारण शोधावें तें पुढील अपत्याच्या काळजीसाठीं. अपराधी ठरविण्यासाठीं नव्हे.

यानंतर यंत्राची गोष्ट येते. कानामागें लावावयाचें श्रवणयंत्र, किंवा त्यानें भागत नसल्यास शस्त्रक्रियेनें बसविण्याचें ‘कॉक्लिअर इम्प्लांट’, हीं आजच्या विज्ञानाचीं मोठीं देणगी आहे. हें दुसरें यंत्र लाखांच्या घरांत जातें. तथापि केंद्र सरकारच्या योजनेंतून त्यासाठीं साहाय्य मिळूं शकतें. जन्मतः बहिऱ्या मुलास तें पांच वर्षांच्या आंत मिळवावें लागतें, म्हणून येथेंही विलंब नडतो. मुंबईस वांद्र्यास १९८३ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था या कामीं मार्गदर्शन करते. तिला अली यावर जंग यांचें नांव आहे. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते. आणि १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानांत होता, तेथील उस्मानिया विद्यापीठाचे ते कुलगुरूही होते. तेव्हां मराठवाड्यांतील माणसानें त्या दारीं परकेपणा मानण्याचें कारण नाहीं.

परंतु यंत्र म्हणजे चष्मा नव्हे, कीं लावला आणि दिसूं लागलें. यंत्र आवाज देतें. शब्द घरानें द्यावयाचे असतात. महिन्यामागून महिने कोणीतरी मुलासमोर बसून “हें पाणी, हें गार पाणी, बाळ पाणी पितो,” असें शंभर वेळां म्हणावें तेव्हां एक शब्द त्याचा होतो. पुष्कळ घरीं यंत्र आणल्यावर दोन महिन्यांत कपाटांत जाऊन पडतें, तें याच गैरसमजानें.

आतां भरल्या घराची खरी परीक्षा येते. पंगत बसली आहे. काकांनीं कांहीं गंमत सांगितली, आत्यांनीं त्यावर कडी केली, सगळे पोट धरून हंसले. बहिरें मूल एका तोंडावरून दुसऱ्या तोंडाकडे पाहतें; तिकडे पाहीपर्यंत बोलणें तिसरीकडे गेलेलें असतें. तें आईचा पदर ओढून खुणेनें विचारतें, काय झालें? उत्तर मिळतें, “कांहीं नाहीं.” हे दोन शब्द त्या मुलाच्या वांट्यास दिवसांतून कितीदां येतात, याची मोजदाद घरांतील कोणीं एक दिवस करून पाहावी. शिक्षा म्हणून आपण कोणास वाळींत टाकीत नाहीं. पण जेथें बारा माणसें बोलतात आणि त्यास एकही शब्द पोंचत नाहीं, तेथें तें वाळींतच पडलेलें असतें. मग तें हट्टी झालें, चिडखोर झालें, अशी तक्रार करण्यांत काय अर्थ?

“ओठांवरून त्याला समजतं,” असें कोणी म्हणतात. त्यांनीं आरशापुढें उभें राहून आवाज न काढतां ‘मामा’, ‘बाबा’ आणि ‘पापा’ हे तीन शब्द उच्चारून पाहावेत. ओठ तिन्ही वेळां सारखेच हलतात. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ यांचीही तीच गत. ओठांवरून सारी भाषा वाचावयाची म्हणजे अर्धी अक्षरें पुसलेली पोथी वाचण्यासारखें आहे. भाषा आधींपासून येत असेल त्यासच तें थोडेंफार साधतें.

म्हणून खुणांच्या भाषेविषयीं दोन शब्द. “खुणा शिकविल्या तर तो बोलायचाच नाहीं,” अशी भीति शिकल्यासवरल्या घरांतही आढळते. ही भीति आपली नव्हे, ती युरोपांतून आलेली आहे. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव झाला. त्याचा पगडा शंभर वर्षांहून अधिक टिकला. २०१० सालीं व्हँकूव्हर येथें भरलेल्या त्याच परंपरेच्या परिषदेनें तो ठराव झिडकारून त्याबद्दल खेद प्रकट केला. खुणांची भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचें व्याकरण आहे. दिल्लींत २०१५ सालीं स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानें २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश तयार केला, आणि तो घरबसल्या पाहतां येतो. मूल यंत्र लावून बोलूं लागलें तरी खुणांनीं त्याचें नुकसान होत नाहीं. आणि न बोललें तर त्याच खुणा त्याची भाषा होतात. मूल मुकें नसतेंच. त्याचा कंठ शाबूत असतो. आपण त्यास कोणतीही भाषा वेळेवर देत नाहीं, म्हणून तें मुकें ठरतें.

आणि ही भाषा एकट्या आईनें शिकून भागणार नाहीं. अमेरिकेंतील प्रसिद्ध नट स्पेन्सर ट्रेसी यांचा मुलगा जॉन जन्मतः बहिरा होता. त्याच्या आईनें, लुईस ट्रेसी यांनीं, त्यास शिकवितां शिकवितां इतर आईबापांचें दुःख ओळखिलें, आणि १९४२ सालीं लॉस एंजेलिस येथें मुलांबरोबर त्यांच्या पालकांनाही शिकविणारी संस्था काढली. पालकांकडून पैसा न घेतां दूरदूरच्या घरीं पत्रद्वारा धडे जाऊं लागले. त्या बाईंनीं ओळखलें तें हें कीं, बहिऱ्या मुलाची पहिली शाळा घर, म्हणून आधीं घरास शिकविलें पाहिजे. तेथें बहुतेक आईबाप दोघेच. आपल्याकडे तर आजी, आजोबा, काकू, आत्या, चुलतभावंडें असा शिक्षकांचा ताफाच घरीं आहे. तो कामास लावावयाचा एवढेंच.

तो कसा लावावा? जावेनें सकाळचा एक तास स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा, म्हणजे आईस मुलापुढें बसतां येईल. आजीनें चित्रें दाखवून, हातांनीं व चेहऱ्यानें गोष्ट सांगावी. या कामीं आज्यांचा हात धरणारा कोणी नाहीं. काकांनीं अपंगत्वाचा दाखला, साहाय्याचे अर्ज व तालुक्याच्या खेपा आपल्या शिरावर घ्याव्या. भावंडांस खुणा सर्वांत लवकर येतात. त्यांना अडवूं नये. बोलतांना मुलाच्या समोर, उजेडांत, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावें. ओरडूं नये, शब्द ताणूं नयेत. पंगतींत एका वेळीं एकानेंच बोलावें, आणि बोलण्यापूर्वीं हात वर करावा, म्हणजे मुलास कोणाकडे पाहावयाचें तें कळेल. गांवांत किंवा शेजारच्या गांवांत असें दुसरें मूल असेल तर दोन्ही घरांनीं जातपात न पाहतां एकमेकांकडे जावें. आपल्यासारखें दुसरें कोणी आहे, हें कळण्याचा आनंद त्या मुलांस दुसरें कांहींही देऊं शकत नाहीं.

शाळेचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि जवळच्या शाळेनें त्यास नाकारणें गैर आहे. तरीही खेड्यांतील पुष्कळ मुलांस दूरच्या निवासी शाळेंत जावें लागतें. तेथें तीं मित्रांबरोबर खुणांनीं भराभर बोलूं लागतात, हंसतात, भांडतात. मग दिवाळीस घरीं येतात, आणि घरांत त्यांच्याशीं बोलणारें कोणीच नसतें. सणाच्या दिवशीं स्वतःच्या घरांत तें मूल पाहुण्यासारखें बसतें, आणि सुटी संपण्याची वाट पाहतें. घराचा याहून मोठा पराभव तो कोणता?

वाचकहो, २०११ च्या जनगणनेंत श्रवणदोष असलेलीं पन्नास लाखांवर माणसें आपल्या देशांत नोंदलीं गेलीं. तेव्हां असें मूल आपल्या नाहीं तर आप्तांच्या, आप्तांच्या नाहीं तर शेजाऱ्यांच्या घरीं असावयाचेंच. त्याची कींव नको, नवससायास नकोत. येत्या रविवारीं त्याच्या आईस विचारून दहा खुणा शिकून घ्या : ये, जेव, पाणी, आवडलें, दुखतें का, कोठें जातोस, आणि अशाच आणखी चार. पुढील रविवारीं आणखी दहा. आणि पंगतींत त्यानें पदर ओढून “काय झालें?” असें विचारलें, तर हातांतला घांस क्षणभर थांबवून ती गंमत त्याला पुन्हां सांगा.