कोमल गांधाराखालची रेघ

"एक काय ते धर. अक्षर तरी, नाही तर गाणे तरी!" घरी, वर्गात आणि बसस्थानकावरच्या चहाच्या टपरीवर हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे की, आता त्याला चाल लावावीशी वाटते. पाट्या रंगवणे हा माझा सुटीतला उद्योग आणि संगीत हा अभ्यासाचा विषय. या दोहोंचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमपत्रिकेत भैरवीची सरगम छापायची होती. मी ती स्वच्छ लिहून दिली. छापून आली तेव्हा रे, ग, ध, नी या चारही स्वरांखालच्या रेघा गायब! विचारले, तर उत्तर मिळाले, "खाडाखोड वाटली, म्हणून काढली." भातखंडे लिपीत स्वराखालची आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर. चार रेघा गेल्या आणि भैरवीचे स्वर बिलावलचे झाले. पत्रिका वाचणाऱ्या कोणालाही काही चुकल्यासारखे वाटले नाही, याचे दुःख अधिक.

पं. वि. ना. भातखंडे (१८६०-१९३६) यांनी घराण्यांच्या गळ्यात राहिलेल्या चिजा कागदावर आणल्या, त्या अशाच थोड्या खुणांच्या बळावर. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या (१८७२-१९३१) लिपीत मात्र वरचे टिंब मंद्र सप्तकाचे! टिंब तेच, पण गळा दोन सप्तके खालीवर. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुसकरांनी पुढे छापखानाही घातला, तो काही हौसेखातर नव्हे.

आज संगणक आहे. वेदपठणातल्या अनुदात्ताची खालची आडवी रेघ आणि स्वरिताची वरची उभी रेघ युनिकोडमध्ये आहेत. कोमल-तीव्रासाठी त्या चालतात. अडचण यंत्राची नाही, जाणकार डोळ्याची आहे. आणि दोन नाद एकत्र नांदत नाहीत म्हणावे, तर संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी टंक घडवणारे र. कृ. जोशी (१९३६-२००८) सुलेखनकार होते, तसेच कवीही होते.

पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याची चूक गुरू समोर बसून सुधारतो. परंडा-भूमच्या खेड्यातून येणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांचा गुरू म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात टिंब पुसट झाले की शिष्य जन्मभर चुकीचे गातो.

म्हणून प्राध्यापकांना आणि संपादक मंडळाला माझी विनंती आहे. पुढच्या अंकात एक पान स्वरलिपीला द्यावे. त्याची मुद्रिते मी तपासीन. वाचून नव्हे, गाऊन.