हातगाडीवरची बसंती

परवा पुतण्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "काका, हे बघा. लई भारी आहे."

मिनिटभराचा तुकडा होता. दोन पोरं, मागे उसाचा फड. एकाच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि त्याचं टोक पाठीवर सोडलेलं. हे केस! खांद्यावर बहिणीची ओढणी. प्रसंग जुन्या हिंदी सिनेमातला, भाषा मात्र अस्सल आमच्या वाळव्याकडची. मी खो खो हसलो. खरंच भारी होतं. मग पुतण्याने खालचे शेरे दाखवले आणि हसू जागच्या जागी थांबलं. सिनेमाबद्दल, नकलेबद्दल तिथे कोणी बोलतच नव्हतं. बोलत होते ते त्या टॉवेलवाल्या पोराबद्दल. काय लिहिलं होतं ते इथे उतरवण्यासारखं नाही.

मला एकदम आमची बसंती आठवली.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाने ठरवलं की यंदा 'शोले' करायचा. चाळीस मिनिटांत, विनोदी. लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं होतं. हातात होते वर्गणीतून उरलेले साडेतीनशे रुपये. त्यात रामगढ उभं करायचं होतं! घोडे म्हणजे सायकली. पाण्याची टाकी म्हणजे लाइटवाल्याची शिडी. ठाकूरचे हात शर्टाच्या आत. टांगा म्हणजे भाजीवाल्याची हातगाडी, ती ओढायला दोन पोरं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मालेगावच्या नासिर शेख यांची माहिती वाचली. व्हिडिओ पार्लर चालवता चालवता या माणसाने २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. त्यातही डाकू सायकलींवरून येतात. वाचून फार आनंद झाला. खिशात पैसे नसले की माणसाला सगळीकडे सारख्याच युक्त्या सुचतात. त्यांच्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा सिनेमाही आला. अडचणसुद्धा आमची आणि त्यांची एकच होती. बाई कुठून आणायची? गावातल्या मुली कॅमेऱ्यासमोर येत नाहीत म्हणून मालेगावकरांनी नट्या बाहेरून आणल्या. आमची तेवढी ऐपत नव्हती. गल्लीतल्या मुलींना विचारायची तर कोणाची छातीच नव्हती.

मग बसंती झाला आमच्यातलाच एक. पंधरा वर्षांचा, उंच, सडपातळ. नाव सांगत नाही. साडी माझ्या आत्याची, गजरा मंडळाच्या खर्चाने. त्याने व्हिडिओ सेंटरवरून कॅसेट आणून बसंतीचं बोलणं पाठ केलं आणि त्यात स्वतःच्या आजीचं बोलणं मिसळलं. त्या आजीला बोलताना श्वास घेताना कोणी पाहिलेलं नव्हतं.

प्रयोगात ऐन पाठलागाच्या वेळी हातगाडीचं चाक निखळलं. आम्ही सगळे गार. हा पठ्ठ्या मात्र खाली उतरला, पदर खोचला आणि बसंतीच्याच आवाजात आधी चाकाला झापलं, मग मंडळाच्या खजिनदाराला आणि मग रस्त्यातल्या खड्ड्यांवरून थेट नगरपालिकेला. यातलं एक वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. पुढे बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. गब्बर बिचारा आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभा!

तर सांगायचा मुद्दा असा, की आमच्या भागात पुरुषाने साडी नेसणं ही काही काल-परवाची गंमत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सीता पुरुषच होता. तो दिवस आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली (१९१३) तारामती म्हणजे अण्णा साळुंके. 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही तेच. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं मूळ गाव. त्यांच्या भामिनीची आणि रुक्मिणीची साडी बघून बायका साड्या घ्यायच्या, असं जुनी माणसं सांगत. तमाशाच्या गौळणीतली मावशी तर आजही पुरुषच असते.

पण हे सगळे लुगडी नेसलेले पुरुष एकाच जातकुळीचे नाहीत. माझ्या मते त्यांचे तीन प्रकार आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो तिथेच घोळ होतो.

पहिला बालगंधर्वांचा. तिथे हसायचंच नसतं. समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरायचं, असा तो करार.

दुसरा मावशीचा. तिथे पुरुष आहे हे कोणीच विसरत नाही. आवाज जाडाभरडा, चाल पैलवानाची, पदर डोक्यावर. पण मावशी कोणाला ऐकत नाही. कृष्णाला अडवते, पेंद्याला गप्प करते, गवळणींची पाठराखण करते. तिच्यावर हसता हसता लक्षात येतं की खरं तर तिनेच सगळ्यांना हसण्यावर नेलंय. आमच्याकडच्या सोंगी भजनातलं बाईचं सोंगही बहुतेक याच घरचं.

तिसरा नाच्या. वाईट अर्थाने म्हणत नाही, ती अवघड कला आहे. पण नाच्यावरचं हसू वेगळं असतं. ते भूमिकेवर थांबत नाही, माणसापर्यंत जातं. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी कितीतरी मराठी सिनेमांत नाच्या रंगवला. माणूस संसारी, चारचौघांसारखा. पण लोकांनी पडद्यावरचं सोंग त्यांच्या घरापर्यंत नेलं. २००८ मध्ये ते गेले, तरी आजही त्यांचं नाव निघालं की लोक आधी टाळी वाजवून दाखवतात, मग त्यांच्या अभिनयाबद्दल बोलतात. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' (२०१०) पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गुणाची कला सगळ्यांना हवी असते, नाच्या झालेला गुणा कोणालाच नको असतो.

आता स्वस्तातल्या विडंबनाचं बघा. मोठ्या सिनेमाकडे घोडे असतात, डोंगर असतात, हिरॉईन असते. आपल्याकडे काही नसतं आणि आपण ते लपवतही नाही. डोक्यावरचा टॉवेल म्हणजे केस, असं आपण प्रेक्षकाला तोंडावर सांगतो आणि तो ते मान्य करतो. त्या थाटामाटाची हवा निघते, यातच सगळी मजा. तसं पाहिलं तर मोठे सिनेमेही सोंगच घेतात की! आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईने 'गंगाजल'मध्ये (२००३) बिहारचं सोंग घेतलं आणि 'दबंग'मध्ये (२०१०) उत्तर प्रदेशाचं. फरक एवढाच की त्यांचं सोंग लपतं, आपलं दिसतं.

साडीचंही तसंच. हातगाडीवरची बसंती मावशीच्या घरातली होती. हसू कशावर होतं? हातगाडीवर, खड्ड्यांवर, आमच्या फजितीवर. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) इतक्या वर्षांनी लागला तरी घरातली सगळी माणसं एकत्र का बसतात? सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडीत आहेत म्हणून नव्हे. पुण्यात भाड्याने खोली मिळेना म्हणून ते साडीत आहेत, म्हणून. हसू त्यांच्या अडचणीवर आहे. साडी ही तिथे युक्ती आहे, शिवी नाही.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

दुसऱ्या वर्षी साताऱ्यातल्या एका पेठेतल्या मंडळाने आम्हाला बोलावलं. माझ्या मामाची ओळख. टेम्पोत सामान घालून आम्ही निघालो, म्हणजे आता आम्ही दौऱ्यावरची मंडळी! मी डोक्यात हवा घालून नवीन संवाद लिहिले होते. गब्बर बसंतीला वरखाली बघतो आणि साथीदाराला विचारतो की ही बाई आहे का बुवा. पुढे आणखी चार ओळी. त्या माझ्याच आहेत, तरी इथे देत नाही.

हशा पहिल्या वर्षीपेक्षा मोठा झाला. पण आवाज वेगळा होता. पुढच्या बायका गप्प झाल्या आणि मागून शिट्ट्या आल्या. त्याने सगळी वाक्यं बिनचूक म्हटली, पदरचं एकही घातलं नाही. परत येताना टेम्पोत तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं दमला असेल. मी माझ्या टाळ्या मोजत होतो.

त्या चार ओळी आमच्या आधी सांगलीला पोचल्या. बाजारात त्याला "ए बसंती" अशी हाक येऊ लागली, मग वर्गात, मग त्याच्या घरासमोर. आमच्याकडे दर वाक्याला माणूस माणसाला 'मर्दा' म्हणतो. त्याला तेवढं कोणी म्हणेनासं झालं. तिसऱ्या वर्षी तो तालमीला आला नाही. दहावीनंतर मावशीकडे इचलकरंजीला गेला तो गेलाच. त्या ओळींमुळेच गेला असं मी म्हणत नाही. पण त्यामुळे नाही गेला, असंही मला म्हणता येत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अहो, गंमत आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" दुसऱ्या बाजूचंही एक ठरलेलं उत्तर आहे. पुरुषांनी साडी नेसून विनोद करणंच बंद करा. मला दोन्ही पटत नाहीत. बंद केलं तर मावशी जाईल, सोंगी भजन जाईल आणि हातगाडीवरची बसंतीही जाईल. आणि "गंमत आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारावंसं वाटतं, की गंमत आहे तर ती प्रयोगाबरोबर संपत का नाही? प्रयोगानंतर गब्बरला कोणी डाकू म्हणत नाही. ठाकूरला कोणी थोटा म्हणत नाही. बसंतीलाच का हाक मारतात?

याच आमच्या भागात यल्लम्माचा जोगत्या लुगडं नेसून दारात येतो, तेव्हा त्याच्या परडीत आपण पीठमीठ घालतो आणि पाया पडतो. तोच जोगत्या एसटीत शेजारी बसला की सरकून बसतो. 'जोगवा' (२००९) बघून डोळे पुसलेली माणसंही सरकून बसताना मी पाहिली आहेत. म्हणजे साडीतला पुरुष आपल्याला देवाच्या नावाने चालतो, विनोदाच्या नावाने चालतो. नुसता माणूस म्हणून चालत नाही. आणि प्रेक्षकांत असाही कोणी बसलेला असतो ज्याच्यासाठी ती साडी म्हणजे सोंग नसतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना त्यांची ओळख कायद्याने दिली. आमच्या चार ओळी ऐकून अशा माणसाने काय करायचं? हसायचं?

म्हणून लिहिणाऱ्या पोरांना माझं एकच सांगणं आहे. साडी खुशाल नेसा, टॉवेल खुशाल गुंडाळा. फक्त ओळ लिहिताना बघा, साडीतला माणूस विनोद करतोय की त्याच्यावर विनोद होतोय. त्याच्या तोंडी चार वाक्यं जास्त द्या. त्याला मावशी करा. आणि बघणाऱ्यांनो, तुम्हीही. पुतण्याला म्हटलं, तूही लिही काहीतरी खाली. त्याने लिहिलं, 'टॉवेलवाल्याचं टायमिंग एक नंबर'. तेवढंच.

असो. सात-आठ वर्षांपूर्वी कराडच्या स्टँडवर तो अचानक भेटला. बरोबर बायको आणि मुलगी. पोट सुटलेलं, केस गेलेले. मी ओळखलं नाही, त्यानेच ओळखलं. चहा घेतला. "चाक निखळलेलं आठवतंय का मर्दा?" म्हणाला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. साताऱ्याचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. काढायला हवा होता.

गाडी लागली तशी पिशवी उचलता उचलता म्हणाला, "त्या पहिल्या वर्षाचा फोटो असंल का रं कुणाकडं? पोरीला दाखवायचाय."

बघतो म्हटलं. माळ्यावरची पेटी दोनदा उपसून झाली. साताऱ्याचे तीन फोटो निघाले. पहिल्या वर्षीचा अजून सापडलेला नाही.