जहाजावरची बंदूक आणि आपली होडी

नाखवा मंडळी, मध्यंतरी आपले काही सभासद हैदराबादला इन्कॉइस बघून आले. तिथून समुद्र शेकडो मैल लांब, पण मासळी कुठे मिळेल आणि लाट किती उठेल याचा अंदाज आपल्याला तिथूनच येतो. परतीच्या गाडीत एकाने विचारलं, "लाट कळते, मग बंदूकवालं जहाज का कळत नाही?" सगळे हसले. आमच्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना.

व्यापारी जहाजावर पहारा ठेवायची रीत जुनी आहे. एप्रिल 1914 मध्ये हाँगकाँगहून निघालेल्या 'ताई ऑन' बोटीला चाच्यांनी आग लावली, दोनशेच्या वर माणसं गेली. चाचे उतारू बनून चढायचे. त्यामुळे इंग्रजांनी कायदा करून बोटींवर हत्यारी पहारेकरी बसवले, त्यात हिंदुस्थानातून नेलेले शिपाईही होते. कप्तानाच्या जागेभोवती लोखंडी जाळ्या ठोकल्या. जाळीच्या आत साहेब, बाहेर डेकवरचा गरीब उतारू. संशय सगळा त्याच्यावर.

शंभर वर्षांनी त्या उतारूच्या जागी आपण आलो. सोमाली चाच्यांमुळे 2010 साली जहाज व्यवसायाच्या संघटनांनी धोक्याची हद्द 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत सरकवली, म्हणजे आपला अख्खा पश्चिम किनारा त्यात आला. 15 फेब्रुवारी 2012 ला केरळजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' बोटीवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार ठार. चाचे वाटले म्हणे! 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने त्या नौसैनिकांना आपल्या कोर्टापासून सूट दिली, 2021 मध्ये 10 कोटींच्या भरपाईवर प्रकरण मिटलं.

ती हद्द 2015 मध्ये मागे घेतली, 2023 च्या सुरुवातीला रद्दच केली. पण त्याच डिसेंबरात चाच्यांनी 'रुएन' जहाज पळवलं. पहारेकरी जाणार नाहीत, हे उघड आहे.

पहाऱ्याला आमचा विरोध नाही. जहाजांवरचे खलाशीही कोकणातल्याच घरांतले असतात. पण जाळं वाचवायला आपण जहाजाच्या आडवे जातो, बत्ती हलवतो, ओरडतो. वरून बघणाऱ्याला तेच हल्ल्यासारखं दिसतं. म्हणून हत्यारी पहारा असलेलं जहाज कुठून जाणार, त्यापासून किती लांब राहायचं, हा निरोप लाटेच्या निरोपासारखाच आपल्या मोबाईलवर यायला हवा. आणि आपली जाळी कुठल्या पट्ट्यात असतात, ते कप्तानांनाही सांगा.

पुढच्या सभेत तसा ठराव मांडतोय. वायरलेस बंद पडलेल्या बोटींनी तोपर्यंत तो दुरुस्त करून घ्या, 16 नंबरचं चॅनेल चालू ठेवा.