मुलाशेजारी आईचीही खाट हवी

मनोरीहून मालाडच्या दवाखान्यात यायचे तर मार्वेची बोट गाठावी लागते. ती चुकली की उत्तन-भाईंदरचा वळसा. तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन लोक हा प्रवास करतातच. पण चौदा वर्षांची मुलगी रात्ररात्र जागते, जेवण सोडते, ‘मला जगायचंच नाही’ म्हणते, तेव्हा घरचे थबकतात. शेजारी काय म्हणतील, शाळेत कळले तर काय, यातच आठवडे जातात. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अशा घरांपर्यंत पोहोचायलाच हवा.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले. त्यातल्या बहुतेकांना भरती करावे लागत नाही. जिवाला धोका असलेल्या मोजक्या मुलांना मात्र दाखल करण्यावाचून गत्यंतर नसते. त्यांच्यासाठी २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ८७वे कलम आहे आणि ते मुलांच्या कळवळ्याने लिहिलेले आहे. बाहेरचे उपाय थकल्यावरच भरती. तीही दोघा जाणकारांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर. मुलांची जागा प्रौढ रुग्णांपासून वेगळी. पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहायचे, मुलीसोबत बाईमाणसाने. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे.

हे वॉर्डात कसे उतरते? आई सोबत राहील, पण झोपेल कुठे? मासळी विकून घर चालवणारी बाई तीन आठवडे बाजारात बसली नाही तर चूल कशी पेटेल? धाकट्याला कोण बघेल? बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेत मुलांच्या विभागात पालक सोबत राहतात आणि तो उपचाराचाच भाग मानतात. आपल्याकडे मात्र हा कायदा नीट राबवावा यासाठीच मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील कोणत्या रुग्णालयात अल्पवयीनांसाठी वेगळ्या मनोविकार खाटा आहेत आणि किती, हे महापालिकेने जाहीर करावे. पुरेशा नसतील तर कांदिवलीच्या शताब्दी किंवा जुहूच्या कूपर रुग्णालयात येत्या अर्थसंकल्पातच सहा-आठ खाटांचा विभाग उघडावा. प्रत्येक खाटेला लागून सोबत्याची खाट असावी, दोघांचे जेवण रुग्णालयाने द्यावे आणि हातावर पोट असलेल्या पालकाची बुडालेली रोजी राज्य सरकारने भरून द्यावी. पालकाने किंवा त्याच्या माणसाने थांबावे अशी सक्ती कायद्याने केली आहे, तेव्हा त्याला थांबता येईल अशी सोय करणे हे सरकारचेच काम आहे.