घरचा हिशोब : हीट पंप कुणाला परवडतो?

थंडीत पहाटेपासून गिझर सुरू होतो. आधी फजरच्या वुजूसाठी कोमट पाणी, मग मुलांच्या आंघोळी, मग मोठ्यांच्या. अशा वेळी दुकानदार सांगतो, "हीट पंप घ्या, खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येईल." हे खोटे नाही. पण तो खर्च फक्त पाणी तापवण्याचा, सगळ्या बिलाचा नव्हे.

गिझर विजेपासून उष्णता तयार करतो; एका युनिटातून एका युनिटाएवढीच. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. आपला फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तसेच हे काम. म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांएवढी ऊब मिळते. कडाक्याच्या थंडीत हे प्रमाण घटते.

आता हिशोब मांडू. घरात सहा माणसे, प्रत्येकाला 20 लिटर पाणी. 120 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला सुमारे 2.8 युनिटे लागतात. महिन्याला गिझरची 84 युनिटे, हीट पंपाची 28. वाचली 56.

या युनिटांची किंमत बिलाच्या सरासरीने काढू नका. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. वाचलेली युनिटे वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. समजा तुमचा तो दर दहा रुपये आहे. मग महिन्याला 560 रुपये वाचले. थंडीचे चार महिने एवढी आणि उरलेले आठ महिने निम्मी बचत धरली, तर वर्षाचे 4,480 रुपये होतात.

हीट पंपासाठी गिझरपेक्षा 60 हजार रुपये जास्त मोजावे लागत असतील, तर ते वसूल व्हायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागेल. चालू स्थितीतला गिझर काढून तो घेण्यात फायदा नाही. मात्र पंधरा माणसांच्या एकत्र कुटुंबात बचत अडीचपट, म्हणजे 11,200 रुपये होते आणि तेवढीच रक्कम साडेपाच वर्षांच्या आत सुटते. मशीन मोठे लागले तर मुदत त्या मानाने वाढेल.

खोलीतल्या गारव्याचे काय? एसी हा मुळात हीट पंपच आहे. त्यामुळे गारव्यासाठी हीट पंप म्हणून वेगळे काही घेऊन बिल उतरत नाही. तिथे जास्त स्टारचा एसी, दुपारी ओढलेले पडदे आणि 24 अंशांची सवय उपयोगी पडते. 1 जानेवारी 2020 पासून स्टार असलेले नवे एसी सुरू होताना 24 अंशांवरच येतात, ते याचसाठी.

एसी बदलायची वेळ आलीच असेल आणि तुमच्याकडे थंडी कडक पडत असेल, तर 'हॉट अँड कोल्ड' प्रकाराची चौकशी जरूर करा. घरात वयस्कर माणूस किंवा तान्हे बाळ असेल तर थंडीत खोली उबदार ठेवावीच लागते. दोन हजार वॅटचा हीटर तीन तास चालला की सहा युनिटे जातात. तेवढीच ऊब असा एसी साधारण दोन युनिटांत देतो.

खरेदीला निघण्यापूर्वी मागचे बिल काढा, शेवटच्या टप्प्याचा दर बघा आणि घरातल्या बादल्या मोजा.